नाव गावात, मतदार फडात

नांदेड लोकसभा मतदारसंघाने २०२४ या एकाच वर्षी दोनदा खासदार निवडला. २६ एप्रिलच्या सार्वत्रिक निवडणुकीत तेथे सुमारे ६१ टक्के मतदान झाले. निवडून आलेले वसंतराव चव्हाण यांचे ऑगस्टमध्ये निधन झाले आणि २० नोव्हेंबरला, विधानसभेच्या निवडणुकीबरोबरच, पोटनिवडणूक घेण्यात आली. त्या वेळी मतदान ६७ टक्क्यांच्या वर गेले. मतदारसंघ तोच, यादी जवळजवळ तीच, कायदा तर अक्षरशः तोच. तरीही सात महिन्यांत सहा टक्क्यांहून अधिक फरक पडला. रवींद्र चव्हाण विजयी झाले ते अवघ्या १,४५७ मतांनी. सुमारे १९ लाख मतदारांपैकी सहा लाखांच्या घरात मतदार त्या दिवशी केंद्रावर आलेच नव्हते. दोन मध्यम गावांच्या मतांनी जेथे खासदार ठरतो, तेथे हे सहा लाख कोण होते आणि ते का आले नाहीत, हा प्रश्न केवळ आकडेशास्त्राचा राहत नाही.

मतदान कमी झाले की एक ठरावीक प्रतिक्रिया उमटते : लोकांना हक्काची किंमत राहिलेली नाही. मग जनजागृतीची मोहीम निघते. शाळकरी मुलांच्या प्रभातफेऱ्या, रांगोळ्या, घोषवाक्ये, शपथा असा कार्यक्रम पार पडतो, आणि त्याचा भार नेहमीप्रमाणे शिक्षकांवर येतो. रोग उदासीनतेचा असेल, तर हा उपचार योग्य म्हणता येईल. परंतु निदानच चुकले असेल, तर औषध कितीही पाजले तरी रोगी बरा होणार नाही. मतदार यादीत आहे, मत देण्याची त्याची इच्छाही आहे, पण ज्या दिवशी आणि ज्या जागी मत देता येते, त्या दिवशी त्या जागी तो असूच शकत नाही, अशी स्थिती असेल तर दोष मतदाराचा की कायद्याचा?

उदासीनता कितपत खरी?

मराठवाड्याच्या संदर्भात उदासीनतेचा आरोप जपून केलेला बरा. १९४८ पूर्वी निजामी राज्यातील सर्वसामान्य रयतेला राज्यकर्ते निवडण्याचा अधिकार नव्हता. पोलीस कारवाईनंतर अवघ्या तीन-साडेतीन वर्षांत, १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, त्याच रयतेने प्रौढ मताधिकार बजावला. अलीकडचे उदाहरण लातूरचे आहे. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत लातूर ग्रामीण मतदारसंघात धीरज देशमुख मोठ्या मताधिक्याने निवडून आले. दुसऱ्या क्रमांकावर मात्र कोणताही उमेदवार नव्हता. २७,५०० मते मिळवून दुसरा क्रमांक पटकावला तो ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाने. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने मतदान यंत्रावर आलेला हा पर्याय मोजला जातो, पण निकालात धरला जात नाही. विधानसभेच्या निवडणुकीत त्याला सर्वाधिक मते पडली, तरी त्याच्याखालचा उमेदवार निवडून येतो. स्थानिक राजकारणाची कारणे काहीही असोत. ज्या मताचा निकालावर काही परिणाम होणार नाही, तेही नोंदवण्यासाठी साडेसत्तावीस हजार माणसे घराबाहेर पडली, रांगेत उभी राहिली आणि बोटाला शाई लावून परतली. अशा प्रदेशाला उदासीन म्हणणे धाडसाचे ठरेल.

वस्तुतः गैरहजर मतदार एका जातीचा नसतो. काहींना खरोखरच मत द्यायचे नसते. काही जण हयात नसतात किंवा त्यांची नावे दोन ठिकाणी असतात. ते यादीत असतात, जगात किंवा गावात नसतात. आणि काही जण पोटासाठी परगावी असतात. निवडणुकीच्या अधिकृत आकडेवारीत गैरहजेरीचे कारण नोंदवणारा रकाना नाही. त्यामुळे हे तिन्ही प्रकार एकाच टक्केवारीत मिसळतात, आणि तिसऱ्या प्रकारातील माणसाच्या माथी पहिल्या प्रकारातील माणसाचा दोष मारला जातो.

नाव राखले, मत राखले नाही

मतदार कोण, हे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाने ठरते; मत कसे द्यायचे, हे १९५१ च्या अधिनियमाने. पहिल्या कायद्याची मुख्य अट अशी, की माणूस त्या मतदारसंघात ‘सामान्यतः रहिवासी’ असला पाहिजे. केवळ घर मालकीचे आहे म्हणून तो रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरता बाहेर गेला म्हणून रहिवासी असण्याचे थांबतही नाही. ही दुसरी तरतूद उदार आहे. तिच्यामुळेच मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूर या तालुक्यांतून कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जाणाऱ्या मजुराचे नाव गावच्या यादीत टिकून राहते. दुसरा कायदा मात्र सांगतो, की मत द्यायचे तर नाव असेल त्याच केंद्रावर, ठरलेल्याच दिवशी, स्वतः हजर राहून दिले पाहिजे. म्हणजे पहिल्या कायद्याने स्थलांतरिताचे नाव राखले, पण दुसऱ्याने त्याचे मत राखले नाही.

बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यातील वाड्या-तांड्यांचे वेळापत्रक निवडणूक आयोगाच्या वेळापत्रकाने चालत नाही. ते कारखान्याच्या धुराड्याने चालते. उचल आधीच घेतलेली असते. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात, त्या कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पुढच्या मार्च-एप्रिलपर्यंत, फडातच असतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो. त्यामुळे एक कोयता गेला की गावच्या यादीतील दोन मते गेली. मागे उरतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी काही मुले.

२०२४ मध्ये ही गोष्ट अगदी स्पष्ट झाली. त्या वर्षीचा गळीत हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू करण्याचे राज्य सरकारने सप्टेंबरमध्ये ठरवले. पुढे विधानसभेच्या मतदानाची तारीख आली ती २० नोव्हेंबर. लाखो ऊसतोड मजूर मतदानाला मुकणार, अशी ओरड तेव्हा झाली ती उगाच नव्हे. हंगाम नुकताच सुरू होत असल्याने अनेक टोळ्यांना मागे-पुढे करता आले असेल. हीच तारीख महिनाभर पुढे असती, तर तीही सोय राहिली नसती.

ग्रामीण भागातील स्थानिक निवडणुकांच्या बाबतीत ती सोय नव्हतीच. नांदेड आणि लातूर जिल्हा परिषदांचे मतदान २०१२ आणि २०१७ साली फेब्रुवारीत झाले. २०२१ मध्ये राज्यातील चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुकीचा दिवस होता १५ जानेवारी, म्हणजे ऐन तोडीचा. रस्ता, पाणी, शाळा, घरकुलाची यादी हे ज्या संस्थांच्या हाती, त्यांच्या निवडणुकीत गावातील सर्वांत गरजू माणूसच गैरहजर असतो. त्याच्या वस्तीला रस्ता का झाला नाही, याचे एक उत्तर या तारखांत दडलेले आहे.

मताची किंमत

मतदानाला पैसे पडत नाहीत, असे समजले जाते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ते खरे नाही. अँथनी डाऊन्स या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९५७ मध्येच दाखवून दिले, की मत देण्यालाही खर्च असतो, आणि एका मताने निकाल बदलण्याची शक्यता इतकी अल्प असते की किरकोळ खर्चही मतदाराला घरी बसवू शकतो. नांदेडच्या वजिराबादेतील कारकुनाचा खर्च म्हणजे अर्ध्या तासाची रांग; त्या दिवशी त्याला भरपगारी सुटी असते. सांगलीच्या फडातील मुखेडच्या कोयत्याचा हिशेब वेगळा आहे. दोघांचे येण्या-जाण्याचे भाडे, बुडालेल्या दोन-तीन दिवसांची तोड, आणि वर मुकादमाकडून लागणारा खाडा. मत दोघांचे सारखेच, मोल मात्र एकाला काही मिनिटांचे आणि दुसऱ्याला आठवड्याच्या कमाईचे. घटनेने प्रत्येकाला एकच मत दिले, पण ते वापरण्याचा खर्च कायद्याने सारखा ठेवलेला नाही.

१९९६ मध्ये १९५१ च्या कायद्यात कलम १३५-ब घालण्यात आले. मतदानाच्या दिवशी कामगाराला सुटी द्यावी, मजुरी कापू नये, मालकाने तसे न केल्यास पाचशे रुपयांपर्यंत दंड व्हावा, असे त्यात म्हटले आहे. रोजंदारीवरील माणसालाही हे संरक्षण आहे. पण ज्याचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही, ज्याला टनावर पैसे मिळतात आणि ज्याचा मालक कारखाना की मुकादम हेच कागदावर स्पष्ट नसते, त्याने सुटी कोणाकडे मागावी? शिवाय गाव तीनशे किलोमीटरवर असेल, तर एका दिवसाची सुटी पुरत नाही.

राहता राहिली गाडी. मतदारांना केंद्रावर फुकट नेण्यासाठी उमेदवाराने वाहन भाड्याने घेणे, हे याच कायद्याच्या १२३ व्या कलमानुसार भ्रष्ट आचरण आहे. हेतू योग्य आहे. परंतु कायद्याने उमेदवाराची गाडी बंद केली आणि सरकारची गाडी सुरू केली नाही. परिणामी पुण्या-मुंबईच्या बांधकामांवरून किंवा हैदराबादेहून मजूर मतदानाला येतोच तर बहुधा कोणाच्या तरी व्यवस्थेने येतो. ज्याने गाडी पाठवली, त्याचे मिंधेपण मतपेटीपर्यंत सोबत येते. मतदानाची टक्केवारी वाढली एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी ती कोणाच्या खर्चाने वाढली, हेही पाहिले पाहिजे.

कायदा कोणाकडे चालत जातो?

केंद्र मतदाराकडे नेणे कायद्याला जमतच नाही, असे मात्र नव्हे. सीमेवरील सैनिकाला टपाली मतपत्रिका मिळते. निवडणुकीच्या कामावर नेमलेले शिक्षक आणि कारकून आपले केंद्र सोडून दुसरीकडे असतात म्हणून त्यांचे मत बुडू दिले जात नाही. त्यांनाही टपाली मतपत्रिका किंवा कर्तव्य प्रमाणपत्र मिळते. २०१९ पासून ८० वर्षांवरील वृद्धांना आणि अपंगांना घरी बसून मत देण्याची मुभा मिळाली. २०२४ मध्ये वयाची अट ८५ करण्यात आली. मतदान पथक त्यांच्या दारी जाते. खोऱ्यातून विस्थापित झालेल्या काश्मिरी मतदारांसाठी जम्मू आणि दिल्लीत विशेष केंद्रे उघडली गेली. गुजरातेत गीरच्या जंगलात बाणेज येथे एका मतदारासाठी स्वतंत्र केंद्र उभारले गेले आणि त्याचे साऱ्या देशाने कौतुक केले. ते योग्यच होते. पण एका मतदारासाठी जंगलात जाणारी यंत्रणा एकाच कारखान्याच्या परिसरात कोप्या टाकून राहिलेल्या हजारो मतदारांकडे का जात नाही?

याचे उत्तर असे दिसते, की सरकारी कामासाठी गावाबाहेर असणे हे कायद्याला सबळ कारण वाटते. पोटासाठी बाहेर असणे वाटत नाही.

नियम बदलला की मतदार बदलतो, याचे पुरावे आपल्याकडेच आहेत. पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशभरातील सुमारे २८ लाख स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची मुलगी अशी नोंद केली, म्हणून मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांना ती नावे गाळावी लागली. पुढे नोंदणीची पद्धत सुधारली आणि त्या स्त्रिया यादीत आल्या. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये मताधिकाराचे वय २१ वरून १८ वर आणले. तरीही वर्षातून १ जानेवारी हा एकच अर्हता दिनांक असल्याने ५ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्या तरुणाला पुढच्या जानेवारीपर्यंत थांबावे लागे. ऑगस्ट २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांची पहिली तारीख, असे चार अर्हता दिनांक झाले. ५ जानेवारी २००६ ला जन्मलेल्या लातूरच्या विद्यार्थ्याला जुन्या नियमाने २०२४ च्या विधानसभेला मत देता आले नसते. नव्या नियमाने आले. यासाठी कोणत्याही प्रभातफेरीची गरज पडली नाही. एक कलम बदलणे पुरले.

उलट, निवडणूकच झाली नाही तर टक्केवारी कशाची काढायची? लातूर आणि नांदेड-वाघाळा या दोन्ही महानगरपालिकांच्या निवडणुका २०१७ नंतर थेट १५ जानेवारी २०२६ ला झाल्या. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात रखडला आणि २०२२ पासून दोन्ही शहरांचा कारभार प्रशासकांकडे राहिला. घटनेने पाच वर्षांची मुदत घातलेली असताना या दोन शहरांतील प्रत्येक मतदार, इच्छुक असो वा उदासीन, तीन वर्षांहून अधिक काळ मतदानाला मुकला.

सक्ती आणि छेद

अशा चर्चेत सुशिक्षित वर्गाकडून मतदान सक्तीचे करण्याची सूचना हमखास येते. ऑस्ट्रेलियाचा दाखला दिला जातो. तेथे १९२२ मध्ये साठ टक्क्यांच्याही खाली असलेले मतदान १९२४ च्या सक्तीच्या कायद्यानंतर, १९२५ च्या निवडणुकीत, ९१ टक्क्यांवर गेले हे खरे. पण त्या देशात मतदान शनिवारी होते, टपालाने आणि आगाऊ मत देता येते, राज्यात अन्यत्र असलेल्या मतदाराला जवळच्या केंद्रावरही ते देता येते. तेथे सक्ती नागरिकावर आहे, तशीच ती राज्यावरही आहे. गुजरात विधानसभेने २००९ मध्ये स्थानिक संस्थांसाठी सक्तीचे विधेयक मंजूर केले. २०१५ मध्ये शंभर रुपये दंडाचा नियम आला आणि उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मराठवाड्यात अशी सक्ती आली, तर पहिला दंड कोणाला भरावा लागेल? वजिराबादेतल्या आळशी मतदाराला नव्हे. तो दंडाच्या भीतीने चार पावले चालून येईल. दंड होईल फडातल्या कोयत्याला, म्हणजे ज्याचे मत आधीच बुडाले त्यालाच.

टक्केवारी वाढवण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि तो अधिक सावधपणे पाहिला पाहिजे. टक्केवारी हा अपूर्णांक आहे. अंश न वाढवता छेद लहान केला तरी ती वाढते. बिहारमध्ये २०२५ च्या विशेष सखोल पुनरीक्षणात मतदारांची संख्या ७ कोटी ८९ लाखांवरून ७ कोटी ४२ लाखांवर आली. त्यानंतर नोव्हेंबरच्या निवडणुकीत सुमारे ६७ टक्के मतदान झाले. २०२० मध्ये ते ५७ टक्के होते. प्रत्यक्ष मतेही पुष्कळ वाढली, यात शंका नाही. पण वाढीचा काही भाग छेदाचाही आहे. मृतांची आणि दुबार नावे काढणे आवश्यकच आहे. प्रश्न येतो तो ‘कायमचा स्थलांतरित’ कोणाला म्हणायचे हा. घरोघरची पाहणी ज्या महिन्यात होते, त्या महिन्यात तांडा रिकामा असेल, तर कुलूप पाहून मारलेली एक काट कायद्याने राखलेले नावही घालवू शकते. मग तो मजूर गैरहजर मतदार राहणार नाही. तो मतदारच राहणार नाही, आणि टक्केवारी मात्र सुधारलेली दिसेल.

उपाय हाताशी आहे

निवडणूक आयोगाला हा प्रश्न ठाऊक नाही असे नाही. २०१९ मध्ये तीस कोटींहून अधिक मतदारांनी मत दिले नाही याची दखल घेऊन आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला. एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचे मतदान घेता येईल अशी ती योजना होती. जानेवारी २०२३ मध्ये विरोधी पक्षांनी तिला हरकत घेतली आणि ती मागे पडली. स्थलांतरित कोणाला म्हणायचे, परराज्यात उमेदवाराचा प्रतिनिधी कोण नेमणार, आचारसंहिता कोठे लागू होणार, या शंका अगदीच निराधार नव्हत्या.

परंतु ऊसतोड मजुरासाठी यंत्राची वाट पाहण्याचे कारण नाही. १९५१ च्या कायद्यातील कलम ६० अन्वये आयोगाला शासनाशी विचारविनिमय करून एखाद्या वर्गाला टपाली मतदानासाठी अधिसूचित करता येते. वृद्ध आणि अपंग याच वाटेने आले. राज्यात लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे; ग्रामसेवकांमार्फत मजुरांची नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचे धोरणही ठरलेले आहे. कोण कोणत्या गावचा आणि कोणत्या कारखान्यावर, हे कारखान्याच्या दप्तरात असतेच. या तिन्हींची सांगड घातली, तर कारखान्याजवळच्या शाळेत टपाली मतदानाचे केंद्र उघडता येईल. मुकादमाच्या दबावाची भीती रास्त आहे; म्हणूनच ते केंद्र कारखान्याच्या आवारात नको आणि ते चालवणारे पथक मतदान अधिकाऱ्यांचेच हवे. गुप्ततेची जी काळजी वृद्धांच्या घरी घेतली जाते, ती येथेही घेता येईल.

स्थानिक निवडणुकांसाठी तर एवढेही करावे लागणार नाही. राज्य निवडणूक आयोगाने तारीख ठरवताना शाळेच्या परीक्षा आणि पाऊस पाहावा, तसा गळीत हंगामही पाहावा. आणि गळीत हंगामाची तारीख ठरवणाऱ्या मंत्र्यांनी निवडणुकीची तारीख पाहावी. दोन सरकारी कार्यालयांतील दोन दिनदर्शिका शेजारी-शेजारी टांगण्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

नांदेडचा खासदार २०२४ मध्ये १,४५७ मतांनी ठरला. त्या मतांइतके कोयते एखाद्या तालुक्यातून एका आठवड्यात निघतात. ते कोणाला मत देतील, हा पक्षांचा प्रश्न आहे. ते मत देऊ शकतील की नाही, हा कायद्याचा आहे. १९५२ मध्ये या देशाने निरक्षर मतदारासाठी चिन्हे शोधली, कारण मतदार साक्षर होईपर्यंत लोकशाही थांबू शकत नव्हती. आज ती मतदाराला गावी परतण्याचा हुकूम देऊन त्याची वाट पाहत बसली आहे, आणि तो आला नाही की त्यालाच उदासीन ठरवते.